एलपी आणि ७८ च्या तबकड्यांसाठी लाकडी खोकी: माप, लाकूड आणि कोकणातली हवा

खाडीकाठ

रत्नागिरीत, खाडीपासून जवळ घर आहे. १८० च्या आसपास एलपी (बारा इंची विनाइल तबकड्या), दहा इंची ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या) साधारण ६० तबकड्या आणि ३०-४० ईपी (सात इंची लहान तबकड्या) ठेवण्यासाठी लाकडी खोकी घरीच करायची आहेत. एलपी समोरून एकेक चाळता याव्यात, म्हणजे कव्हर दिसावं, अशी इच्छा आहे. हत्यारं: जिगसॉ, ड्रिल, हातकरवत, पटाशी, गुण्या, चार क्लॅम्प. राउटर (लाकडात खाच पाडायचं यंत्र) नाही, टेबल सॉ नाही.

नेटवरचे नकाशे बहुतेक इंचात, कोरड्या हवेतल्या देशांतले आणि राउटर गृहीत धरलेले असतात. म्हणून इथे विचारतो:

१. आतलं माप नेमकं किती? कव्हरवर प्लास्टिकची पिशवी असेल तर किती वाढवायचं?
२. प्लाय, पाइन की जुन्या पॅलेटचं लाकूड? सागवान घेण्यात अर्थ आहे का?
३. एका खोक्यात किती तबकड्या? भरलेलं खोकं उचलता यायला हवं.
४. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी येते. खोक्याच्या रचनेतून त्यावर काही करता येईल का?
५. ७८ आणि एलपी एकाच खोक्यात चालतील का?

रंधा_करवत

क्रमाने घेत नाही. आधी वजन बघू, कारण बाकीची सगळी मापं त्यावर ठरतात.

एक एलपी कव्हरसकट २५० ते ३०० ग्रॅम धरा. हल्लीच्या १८० ग्रॅमच्या प्रती आणि उघडणारी दुहेरी कव्हरं याहून जड. म्हणजे १०० एलपी २५ ते ३० किलो. खोक्याचे सहा-सात किलो त्यात मिळवले की एका माणसाने उचलण्यासारखं उरत नाही. ६० एलपी म्हणजे १६-१७ किलो, खोक्यासकट २२-२४. एवढ्यावर थांबा. १८० एलपींना तीन खोकी बरोबर पुरतात.

जाडी: साध्या एका एलपीला साडेतीन ते चार मिमी. ६० एलपी २१ ते २४ सेंमी. चाळायचं असेल तर साधारण पाव ते तृतीयांश जागा रिकामी लागते, नाहीतर पुढे ढकलायला वावच राहत नाही. म्हणून आतली लांबी ३३० मिमी.

रुंदी: कव्हर ३१५ मिमी, बाहेरच्या पिशवीसकट ३२० ते ३२५. आतली रुंदी ३३५ ठेवा. ३२५ ठेवली तर पिशव्या बाजूंना घासून सुरकुततात. ३५० च्या वर गेलात तर कव्हरं तिरकी फिरतात आणि त्यांचे खालचे कोपरे दुमडतात. फळ्या कापण्याआधी तुमच्याकडचं सगळ्यात रुंद कव्हर पिशवीत घालून मोजाच. जुने बॉक्स सेट या मापात बसत नाहीत, ते वेगळे ठेवावे लागतात.

भिंतीची उंची तळापासून २६० मिमी. मग कव्हर ५५ मिमी वर राहतं आणि बोटांना धरायला मिळतं. याहून बुटकी भिंत केली तर पुढे ओणवलेल्या तबकड्या खोक्याबाहेर झुकतात.

आता रचना. राउटर नाही, म्हणून तळ खाचेत बसवायचा विचार सोडून द्या. तळ खालून खिळ्यांनी ठोकायचाही नाही. घरगुती खोक्यांत सगळ्यात जास्त वेळा निकामी होतो तो हाच भाग. खोकं उचललं की १६ किलोचा भार खिळ्यांना सरळ खाली ओढतो आणि खिळे हळूहळू सुटत जातात. त्याऐवजी चारही भिंतींना आतून, खालच्या कडेला १८ × १८ ची रीप गोंद आणि स्क्रूने बसवा आणि तळ वरून त्या रिपांवर टेकवा. भार रिपांवर, रिपांकडून भिंतींवर.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. फळांच्या पेट्यांत असतात तशा कोपऱ्यात आतून उभ्या पट्ट्या लावू नका. कव्हराचा कोपरा नेमका तिथेच येतो. पट्ट्या बाहेरून लावा, आणि लावताच आहात तर त्याच खाली वाढवून पाय करा. एका खोक्यासाठी कापायचे तुकडे असे:

– पुढची व मागची भिंत: १८ मिमी प्लाय, ३३५ × २९०, दोन नग
– बाजूच्या पट्ट्या: पाइन, १८ × ९०, लांबी ४२६, सहा नग (एका बाजूला तीन, मध्ये १० मिमी फट)
– पाय: ३० × ४०, पुढचे दोन ३८० लांब, मागचे दोन ३६०
– धरायच्या मुठी: ३० × ४०, लांबी २५५, दोन नग
– तळाच्या रिपा: १८ × १८, दोन ३३० आणि दोन २९९
– तळ: १२ मिमी प्लाय, ३३३ × ३२८

४२६ चा हिशोब असा: आतली लांबी ३३०, दोन प्लायचे ३६, दोन पायांचे ६०. तळ दोन्ही मापांनी २ मिमी लहान आहे, तो मुद्दाम. पावसाळ्यात पट्ट्या फुगल्या तरी अडकत नाही. तळाला ६ मिमी प्लाय पुरेल असं वाटतं, पण कालांतराने मध्ये झोळ येतो आणि सगळ्या तबकड्या मध्याकडे कलतात.

पुढचे पाय मागच्यांपेक्षा २० मिमी उंच असल्यामुळे खोकं मागे साधारण तीन अंश कलतं. रास आपोआप मागच्या भिंतीला टेकून राहते. एवढा कल पुरे. जास्त कलवलं तर मागच्या तबकड्यांवर पुढच्या सगळ्यांचं वजन येतं.

मुठीबद्दल: प्लायमध्ये लांबट भोक पाडून धरायची जागा करण्याची पद्धत दिसायला छान असते, पण उचलताना बोटं आत जातात आणि पहिल्याच कव्हराच्या तोंडावर दाबली जातात. मूठ बाहेरून लावा, वरच्या कडेपासून २० मिमी खाली. तिची खालची आतली धार रंध्याने तिरकी काढा म्हणजे बोटं अडकून बसतात.

खाडीकाठ

रंधादादा, फार उपयोगी. जोडणीचा क्रम सांगाल का? आणि स्क्रू कुठले, किती?

रंधा_करवत

क्रम महत्त्वाचा आहे, कारण काही स्क्रू आतून मारायचे आहेत आणि भिंती उभ्या राहिल्यावर ड्रिल आत शिरत नाही.

प्रथम प्लायच्या दोन भिंती आडव्या ठेवून त्यांना पाय आणि मूठ लावून घ्या. पाय प्लायच्या दोन्ही उभ्या कडांशी आणि वरच्या कडेशी अगदी समपातळीत. मूठ दोन पायांच्या मधल्या जागेत बसते (३३५ वजा ८०, म्हणून २५५). गोंद लावून क्लॅम्प करा, मग आतल्या बाजूने ४ × ४० चे स्क्रू, दर पायाला चार, दर मुठीला चार. डोकी पृष्ठभागाखाली बसवून वर पुट्टी भरा, कारण पुढेमागे हीच डोकी कव्हरावर वर्तुळं उमटवतात.

मग दोन्ही भिंतींमध्ये ३३० चे दोन ठोकळे घालून त्या उभ्या करा आणि दोन्ही बाजूंची फक्त सगळ्यात खालची पट्टी लावा. पट्टीची खालची कड प्लायच्या खालच्या कडेशी जुळवायची, पाय त्याखाली लोंबतात. इथे थांबून दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून हलकेच ओढा आणि मगच पुढे जा. तळ बसल्यावर काटकोन सुधारता येत नाही.

त्यानंतर तळाच्या रिपा: ३० मिमीचे स्क्रू, दर रिपेला तीन, आणि गोंद. तळ टाका, २५ मिमीचे आठ स्क्रू. मग उरलेल्या पट्ट्या. फट सारखी यावी म्हणून १० मिमी जाडीचे दोन तुकडे मध्ये धरा. पट्टीच्या दर टोकाला दोन स्क्रू, ४ × ४०, ते पायात जातात. प्लायच्या कडेत स्क्रू मारायचा नाही, थर फाटतात.

म्हणजे एका खोक्याला ४० चे ४८, ३० चे १२ आणि २५ चे ८ स्क्रू. प्रत्येकाला आधी ३ मिमीचं भोक पाडा. पाइनच्या टोकाजवळ भोक न पाडता स्क्रू मारला तर फळी चिरतेच. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. खाडीच्या खाऱ्या हवेत काळे ड्रायवॉल स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजतात आणि पाइनवर काळपट डाग ओघळतो.

गोंद साधा पांढरा नको, पाण्याला टिकणारा घ्या. फेविकॉल मरीन किंवा त्या जातीचा कुठलाही चालेल.

खरेदीचा हिशोब तीन खोक्यांचा: ८ फुटी पाइनच्या फळीतून पाच पट्ट्या निघतात, अठरा लागतात, म्हणजे चार फळ्या. दोन पट्ट्या वर उरतात, त्या मोठी गाठ असलेल्या तुकड्यांच्या बदली. ३० × ४० ची रीप २१ फूट, १८ × १८ ची १३ फूट. प्लायचा अख्खा ८ × ४ तक्ता घेऊ नका, दुकानात कटपीस मिळतात: १८ मिमीचा ४ फूट × २ फूट आणि १२ मिमीचा ४ फूट × सव्वा फूट पुरतो. दुकानदाराकडे पॅनल सॉ (तक्ते सरळ कापायचं यंत्र) असेल तर प्लाय तिथेच कापून घ्या. जिगसॉने ३३५ ची सहा मापं तंतोतंत सारखी येणं अवघड, आणि सगळ्या खोक्याचा काटकोन या दोन भिंतींवर उभा आहे.

पटाशी

लाकडाबद्दल थोडं.

सागवानाची इथे गरज नाही. पट्ट्या जेमतेम सव्वाचार डेसिमीटर लांब, भार कमी. सागाचा खरा फायदा वाळवी आणि ओल सहन करण्यात. म्हणून फक्त पायांना साग वापरा, लादीला टेकणारा भाग तोच. २१ फूट रिपेपैकी पायांना जेमतेम १५ फूट लागते, फार खर्च नाही.

पाइन चालेल, पण कोरडं हवं. वखारीत फळी उचलून बघा. सारख्या मापाच्या दोन फळ्यांत एक लक्षात येण्याइतकी जड असेल तर ती ओली. ओलावामापक मिळाला तर १२ टक्क्यांपर्यंत ठीक. कोकणात पावसाळ्यात घरातलं लाकूड १६ टक्क्यांवरही जातं. कापण्याआधी फळ्या दोन-तीन आठवडे त्याच खोलीत, मध्ये रिपा घालून रचून ठेवा म्हणजे चारही बाजूंनी हवा लागेल.

बाजूला तीन पट्ट्या आणि फटी का, एकच रुंद फळी का नाही, हे सांगायला हवं. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. उन्हाळा ते पावसाळा या फरकात ९० मिमीची पाइनची पट्टी सव्वा-दीड मिमी फुगते. ती १० मिमीच्या फटीत सहज सामावते. २९० मिमीची एकसंध फळी चार मिमीच्या वर फुगते. तिला दोन्ही टोकांना स्क्रूंनी जखडली असेल तर वाकते, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात आकसताना मधून चिरते. फटी आडव्याच ठेवा. उभ्या ठेवल्या तर चाळताना कव्हरांच्या कडा त्यात शिरतात आणि सोलवटतात. आडव्या फटीवरून उभी कड घसरत जाते, फक्त पट्ट्यांच्या आतल्या धारा १२० च्या पॉलिश पेपरने गोल करा.

पाइनच्या गाठींकडे लक्ष द्या. एप्रिल-मेमध्ये गाठींतून चिकट राळ येते आणि कव्हराला चिकटली तर छपाईसकट निघते. मोठी गाठ आतल्या बाजूला येऊ देऊ नका. लहान गाठींवर चपडा लाखेचे दोन हात मारा.

पॅलेटचं लाकूड घ्यायचंच असेल तर शिक्का बघा. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि पुढे अक्षरं असतात. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालेल. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल, डाग किंवा वास असेल, केमिकल कारखान्यातून आलेलं असेल तर विषय संपला. शिवाय त्यातले खिळे काढून, रंधा मारून फळ्या एका जाडीला आणण्यात जे कष्ट जातात त्या मानाने वाचणारा पैसा थोडा.

आंबा आणि रबरवूड स्वस्त असतात, पण त्यांना भुंगा लवकर लागतो. खोक्याखाली बारीक पीठ पडायला लागलं की समजावं. कोणतंही हलकं लाकूड वापरलं तरी पॉलिशच्या आधी बोरॅक्सचं पाणी द्या: एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवून ब्रशने दोन हात, हातमोजे घालून. आठवडाभर वाळू द्या. हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून वर पॉलिश हवंच.

प्लाय घेताना शिक्क्यावरचा भारतीय मानकाचा (आयएस) क्रमांक बघा. आयएस ३०३ मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन प्रकार असतात. एमआर म्हणजे नुसता दमटपणा सहन करणारा, खाडीकाठी नको. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) किमान, आयएस ७१० चा मरीन मिळाला तर उत्तम. एमआरमध्ये सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो दमट हवेत सुटतो आणि त्याचा वासही बराच काळ येत राहतो. कापलेल्या कडा उघड्या सोडू नका. प्लाय पाणी पितो तो कडेतून.

तबकडी७८

प्रश्न पाच आणि चारबद्दल.

७८ आणि एलपी एकत्र अजिबात नको. दहा इंची तबकडीच्या शेजारी एलपीचं कव्हर ठेवलं की वरचा भाग आधाराविना राहतो आणि तिथे वाकतो. आणि ७८ चाळायच्या नसतात. त्या लाखेच्या मिश्रणाच्या, ठिसूळ. एकमेकींवर आपटल्या की कडेचा टवका उडतो. बालगंधर्वांच्या काळातली कागदी पाकिटंही आता हाताळणी सोसत नाहीत.

त्यांचं खोकं वेगळं आणि भिंती पूर्ण उंचीच्या. पाकीट साधारण २६० मिमी, म्हणून आतली रुंदी २७५, तळापासून भिंत २६५. बाजूंना पट्ट्या नकोत, चारही भिंती १२ मिमी प्लायच्या. आत ६ मिमी प्लायचे तीन पडदे, चार कप्पे, एका कप्प्यात १५ तबकड्या. कप्प्याची रुंदी पुस्तकी मापाने काढू नका. घरातल्या १५ तबकड्या पाकिटांसकट न दाबता एकत्र धरून मोजा, ४० ते ४५ मिमीच्या आसपास येईल, त्यात ३ मिमी मिळवा. पडदे गोंद आणि बाहेरून बारीक खिळ्यांनी पक्के बसवा. कप्पा अर्धा रिकामा असेल तर राहिलेली जागा पुठ्ठ्याने भरा; तिरकी टेकलेली ७८ कालांतराने वाकते. तळाला जाड कोरुगेटेड पुठ्ठा घाला आणि दर पावसाळ्यानंतर बदला. एक तबकडी २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० मिळून १२-१३ किलो, तेवढंच पुरे.

एक धोका पुष्कळांना माहीत नसतो. पॉलिशची चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळते, आणि ७८ च्या तबकडीतही तीच लाख आहे. म्हणून ताज्या पॉलिशच्या खोक्यात ७८ ठेवायच्या नाहीत. स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत, किमान दोन आठवडे, खोकं उघडं राहू द्या. आणि ७८ स्पिरिटने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने कधीही पुसायच्या नाहीत. एलपी विनाइलच्या असतात, त्यांची गोष्ट वेगळी.

बुरशी. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते. कोकणात जून ते सप्टेंबर ती याच्या बरीच वर असते. खोक्याने खोलीची हवा कोरडी होणार नाही. खोकं एवढंच करू शकतं: ओल साचू न देणं. रंधा_करवत यांच्या नकाशात तळ जमिनीपासून ७०-९० मिमी वर आहे, हे फार चांगलं. पावसाळ्यात लाद्या घामेजतात आणि फरशी पुसतानाचं पाणी खाली जातं. भिंतीपासूनही १०० मिमी अंतर ठेवा, आणि बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पावसाच्या झडीच्या बाजूला, खोकं लावूच नका. उघड्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकण्यात काही अर्थ नाही, त्या एकदोन दिवसांत भरतात. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते. त्यापेक्षा एक आर्द्रतामापक आणा आणि खोलीत संध्याकाळी डीह्युमिडिफायर चालवा.

बाहेरच्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिथीनच्या. मऊ, जाड, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्यांमधून निघणाऱ्या द्रव्याने एलपीवर धुरकट थर बसतो आणि तो धुऊन जात नाही.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. कव्हर ५५ मिमी वर काढलं की रत्नागिरीची जांभ्याची लाल धूळ वरच्या कडांवर बसणार. एलपीच्याही भिंती पूर्ण उंचीच्या कराव्यात आणि खोकं आडवं ठेवून कव्हराचा कणा (नाव छापलेली अरुंद कड) दिसेल असं मांडावं.

रंधा_करवत

धुळीचा मुद्दा मान्य. पण पूर्ण उंचीच्या भिंतीत वरून चाळायला गेलं तर बोटं कव्हराच्या वरच्या कडेला नुसती खरडत राहतात, आणि धागाकर्त्यांना चाळायचंच आहे. आडवं ठेवायचं असेल तर मापंही बदलतील: आतली उंची ३३५, आणि रिकामी जागा ठेवून चालत नाही, कारण कणा दिसेल अशी मांडणी पूर्ण भरलेलीच सरळ उभी राहते. एकाच खोक्यात दोन्ही साधायला गेलं तर दोन्ही अर्धवट होतं. त्यापेक्षा चाळण्याच्या खोक्यावर मांजरपाटाचं झाकण टाका: ६०० × ५७० चा तुकडा, चारही बाजूंना शिलाई, आणि काठात लोंबण्यापुरतं वजन. प्लास्टिक टाकू नका, आतली ओल कोंडते.

आणखी एक, मघाशी राहून गेलं. दर खोक्याला ६ मिमी प्लायचे दोन सुटे पडदे करा, ३२५ × ३००, कोपरे गोल केलेले. खोकं अर्धं भरलेलं असताना पडदा रासेच्या पुढे उभा करून त्यापुढे पुठ्ठ्याचा ठोकळा ठेवा. नाहीतर तबकड्या तिरक्या पसरतात आणि उन्हाळ्यात तशाच वाकतात. खिडकीतून ऊन येणारी जागाही टाळा.

तबकडी७८

मांजरपाटाचं ठीक आहे. धुवून, पुरतं वाळवून घाला. कोऱ्या कापडाची खळ बुरशीला आवडते. वरच्या कडा महिन्यातून एकदा मऊ कोरड्या ब्रशने झाडा, मात्र कव्हरं रासेत दाबलेली असताना, म्हणजे धूळ आत उतरत नाही.

खाडीकाठ

ठरलं: तीन चाळायची खोकी, एक ७८ चं. आता दोन शंका. पॉलिश आत-बाहेर एकच चालेल का? आणि ईपी एलपीच्याच मापाच्या खोक्यात दोन रांगांत बसतील का? चाकं लावली तर?

पटाशी

ईपी दोन रांगांत बसत नाहीत. कव्हर १८० मिमीच्या आसपास, दोन रांगांना ३६० पेक्षा जास्त लागतात आणि आत ३३५ आहेत. त्यांचं वेगळं लहान खोकं करा: आतली रुंदी १९५, लांबी १५०, भिंत १४०. हलकं असतं, १२ मिमी प्लाय पुरतो, पायही नकोत. एलपीच्या खोक्याशेजारी स्टुलावर राहील. तुमच्या कटपीसच्या उरलेल्या तुकड्यांतून बहुतेक निघेल.

पॉलिश आत आणि बाहेर वेगळं. आत चपडा लाख पातळ: एक लिटर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून, कापडातून गाळून. दोन पातळ हात, मध्ये ३२० च्या पेपरने हलकं घासून. पावसाळी दिवशी लावू नका. स्पिरिट उडताना हवेतली ओल धरतं आणि पॉलिश पांढरट, दुधी होतं. ऑक्टोबरनंतरचा कोरडा दिवस, सकाळी दहा ते चार. बाहेरून आणि पायांना पाण्यात मिसळणारं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, तीन हात. पायांच्या खालच्या टोकांना आणि प्लायच्या कडांना एक हात जास्त. मेलामाइन पॉलिशला तीव्र वास असतो, तो बंद खोलीत महिनाभर रेंगाळतो. ऑइल पेंट आतून नकोच; वाळला असं वाटलं तरी उन्हाळ्यात कव्हराला चिकटतो.

जवसाचं तेल लावायचा सल्लाही कुणी देईल. दमट हवेत ते वाळायला फार वेळ घेतं. तरी लावलंत तर भिजलेल्या चिंध्या गोळा करून टोपलीत टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. सुट्या पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रंधा_करवत

चाकं या नकाशात बसत नाहीत. पायाचं टोक ३० × ४०. चाकाची पट्टी त्यावर मावत नाही, आणि आडव्या धक्क्याने पाय प्लायपासून उखडतो. सरकवायचंच असेल तर खोकी स्वतंत्र फळीवर ठेवा: १८ मिमी प्लाय, ४६० × ४१०, खाली ५० मिमीची चार चाकं, पुढची दोन ब्रेकवाली. चाकांसाठी फळीच्या खालून चार कोपऱ्यांत जाड लाकडाचे तुकडे लावून त्यात स्क्रू घ्या. नुसत्या १८ मिमीत ते आरपार येतात. खोक्याचे पाय घसरू नयेत म्हणून वर कडेने १२ मिमीची रीप. तळ तेवढा आणखी वर जातो, त्यामुळे ओलीच्या दृष्टीने फायदाच.

चाकं नसतील तर पायांना रबरी बूच बसवा. तिरक्या उभ्या पायाची एकच धार लादीला लागते आणि भरलेलं खोकं ओढलं की तिथे लाकूड फाटतं. म्हणून ओढू नका, दोन मुठी धरून उचला. आणि पहिलं खोकं पूर्ण करून त्यात ६० एलपी आठवडाभर ठेवून बघा, मगच बाकीच्या दोघांच्या पट्ट्या कापा. तुमच्या कव्हरांना रुंदी ३३५ ऐवजी ३३८ लागते असं दिसलं तर प्लायच्या भिंती, मुठी, तळ आणि आडव्या रिपा तेवढ्या बदलतील. बाजूच्या पट्ट्या आणि पाय तेच राहतील.